लहान मेंदूतली ‘पाण्याची गाठ’: सुई लावण्याआधी काय तपासायचं?

प्रश्न: माझा धाकटा भाऊ ३४ वर्षांचा आहे. यवतमाळ जिल्ह्यात आमची कपाशी-तुरीची शेती आहे. पोळ्यानंतर फवारणी केली आणि तेव्हापासून त्याचं डोकं दुखायला लागलं. पहाटे जास्त दुखतं, उलटी झाली की मोकळं वाटतं. आधी फवारणीचा संशय घेतला, मग पित्ताच्या गोळ्या झाल्या. आता चालताना तो उजवीकडे झोकांड्या खातो. गावात म्हणतात दारू पितो, पण तो शिवतही नाही. तालुक्याला सीटी काढला. उजव्या लहान मेंदूत साडेतीन सेंटीमीटरची पाण्याची गाठ आणि तिच्या कडेला बारीक घट्ट भाग आहे. रिपोर्टमध्ये ‘हिमँजिओब्लास्टोमा की टीबी?’ असं लिहिलंय. एक डॉक्टर म्हणतात टीबीच्या गोळ्या सुरू करून बघू, दुसरे म्हणतात नागपूरला नेऊन गाठीतलं पाणी काढून घ्या. हिमोग्लोबिन १८.२ आलं, ते चांगलंच आहे असं सांगितलं. आमचे वडील ४४व्या वर्षी किडनीच्या गाठीनं गेले. आत्याचा एक डोळा तिशीतच गेला होता. भावाला ७ वर्षांची मुलगी आहे. हा कॅन्सर आहे का? कोणाचं ऐकावं? आणि रात्रीच्या लाइनवर ओलीत करायला त्याला जाऊ द्यावं का? अंधारात पाय कुठे पडतो ते कळत नाही म्हणतो.

उत्तर: ताई, सीटीच्या रिपोर्टपेक्षा जास्त माहिती तुम्ही सहज लिहून गेलेल्या तीन गोष्टींत आहे: वडिलांची किडनी, आत्याचा डोळा आणि अंधारात चुकणारे पाय. या तिन्ही गोष्टी डॉक्टरांच्या कागदावर आहेत का, ते आधी बघा. बहुतेक नसतील, कारण डोकं दुखतं म्हणून आलेल्या माणसाला आत्याच्या डोळ्याबद्दल कोणी विचारत नाही.

पुढचं वाचण्याआधी एक बघून घ्या. भाऊ नेहमीपेक्षा जास्त झोपाळलेला आहे का, हाक मारल्यावर उशिरा ओ देतो का, एकाचे दोन दिसतात का, मान एका बाजूला धरून बसतो का, उचकी थांबत नाही का, उलट्या दिवसभर होतात का? यातलं एक जरी असेल तर तपासण्यांची वाट बघू नका. १०८ बोलवा आणि न्यूरोसर्जरी असलेल्या हॉस्पिटललाच न्या. लहान मेंदूच्या पुढ्यातच मेंदूतलं पाणी खाली उतरण्याची वाट असते. गाठीनं ती दाबली की पाणी वर तुंबतं आणि काही तासांत माणूस बेशुद्ध होऊ शकतो. असं झालं तर आधी जीव वाचवायचा. खाली लिहिलेल्या तपासण्या मागून होतील.

आता फवारणीचं. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी आणि मजूर दगावले. तेव्हापासून चक्कर-उलटी म्हटलं की पहिला संशय औषधावर जातो, आणि तो जायलाच हवा. पण ते विष काही तासांत दिसतं. लाळ सुटते, घाम फुटतो, डोळ्यांची बाहुली बारीक होते, स्नायू फडफडतात. तीन-तीन महिने रोज पहाटे डोकं दुखायचं आणि उलटीनंतर उतरायचं, हे त्याचं लक्षण नाही. डोक्यातला दाब वाढल्याचं हे चित्र आहे. रात्रभर आडवं राहिल्यानं आणि झोपेत श्वास मंदावल्यानं पहाटे तो दाब सर्वांत जास्त असतो. एका बाजूला झोकांडी म्हणजे त्याच बाजूचा लहान मेंदू. इथे गाठ उजवीकडे आणि झोकही उजवीकडे, म्हणजे जुळतं.

हिमँजिओब्लास्टोमा ही रक्तवाहिन्यांनी गच्च भरलेली गाठ. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गवारीत ती ग्रेड १ मध्ये येते, म्हणजे सर्वांत सौम्य. ज्या अर्थानं आपण ‘कॅन्सर’ म्हणतो तसा हा कॅन्सर नव्हे. दुर्मीळ मात्र आहे. मेंदूच्या सगळ्या गाठींत तिचा वाटा शंभरात दोनच्या आसपास. तरीही मोठ्या माणसाच्या लहान मेंदूत मूळचीच उगवलेली गाठ म्हटलं की पहिलं नाव हिचंच येतं. बाहेरून, म्हणजे फुप्फुस किंवा किडनीतून, तिथे पोचलेल्या गाठी यापेक्षा जास्त असतात. ते लक्षात ठेवा, वडिलांच्या आजारामुळे आपल्याला त्याकडे परत यायचंय.

रिपोर्टमध्ये पाण्याची गाठ मोठी लिहिली आहे आणि घट्ट भाग बारीक. पण रोग त्या बारीक भागात आहे. तुरीच्या दाण्याएवढा असला तरी खरी गाठ तोच दाणा. त्याच्या रक्तवाहिन्या पाझरतात आणि शेजारी पाणी साठतं. म्हणून नुसतं पाणी काढलं की चार दिवस बरं वाटतं आणि मग ते पुन्हा भरतं. दुसरा धोका सुईचा. बायोप्सीसाठी, म्हणजे तपासणीला तुकडा काढायला, दाण्यात सुई गेली तर भळाभळा रक्त येऊ शकतं, आणि ते कवटीच्या सर्वांत अडचणीच्या जागी. आणि टीबी आहे का हे बघायला कोणी पाठीच्या मणक्यातून पाणी काढायला निघालं तर हात धरून थांबवा. लहान मेंदूत दाब असताना खालचं पाणी काढलं की वरचा भाग कवटीच्या भोकातून खाली सरकतो आणि श्वासाच्या केंद्रावर बसतो.

टीबीच्या गोळ्यांचं म्हणाल तर आपल्याकडे मेंदूतली टीबीची गाठ खरंच आढळते, त्यामुळे डॉक्टरांना शंका येणं चूक नाही. पण ती बहुधा रंगाच्या इंजेक्शननंतर कडं चकाकणारी दिसते, एकाऐवजी अनेक असतात, आणि छातीच्या एक्स-रेत किंवा मानेच्या गाठींत पुरावा सापडतो. पातळ भिंतीची पाण्याची पिशवी आणि कडेला एकच घट्ट दाणा, हे टीबीचं नेहमीचं रूप नव्हे. ‘बघू’ म्हणून गोळ्या सुरू करण्यात एक फसवणूक दडलेली असते. मेंदूच्या टीबीत त्यांच्याबरोबर डेक्सासारखं स्टेरॉइडही देतात. स्टेरॉइडनं गाठीभोवतीची सूज ओसरते, डोकं थांबतं, चाल सुधारते आणि सगळे म्हणतात, टीबीच होता. दोन महिने असेच जातात. स्टेरॉइड कमी केलं की आजार पुन्हा डोकं वर काढतो. म्हणून कॉन्ट्रास्ट, म्हणजे रंगाचं इंजेक्शन देऊन काढलेल्या, एमआरआयआधी या गोळ्या नकोत. ‘मेंदूतला किडा’ म्हणून अल्बेंडाझोल सुचवलं तरी हेच उत्तर. किड्याच्या पिशवीतही आत ठिपका दिसतो, म्हणून घोटाळा होतो, पण मेंदूच्या आतली ती पिशवी साधारण एक-दोन सेंटीमीटरचीच असते.

एमआरआयच्या चिठ्ठीवर ‘मेंदू’ एवढंच लिहिलेलं असेल तर परत जाऊन ‘मेंदू आणि मानेपासून खालपर्यंत पूर्ण मज्जारज्जू, कॉन्ट्रास्टसह’ असं लिहून घ्या. कारण अंधारातले पाय. लहान मेंदूचा तोल उजेडातही जातो. पण अंधारात किंवा तोंड धुताना डोळे मिटले की पाय कुठे आहे तेच कळेनासं होणं हे बहुधा मज्जारज्जूच्या मागच्या भागाचं लक्षण. पायाची जागा मेंदूला कळवणाऱ्या वाटा तिथून जातात, आणि या जातीच्या गाठी मज्जारज्जूतही बहुतेक मागच्याच बाजूला, पृष्ठभागाला चिकटून उगवतात. एखादी दोन-तीन मिलिमीटरचीच असते, पण तिच्या वर-खाली मज्जारज्जूत पाण्याची लांबलचक पोकळी झालेली असते. साध्या एमआरआयत ती पोकळी दिसते, दाणा मात्र सुटतो. रंगाच्या इंजेक्शननंतर तो विजेच्या दिव्यासारखा उजळतो. कॉन्ट्रास्टचे पैसे वाचवायला जाऊ नका. ते वाचवले की तोच एमआरआय दुसऱ्यांदा काढावा लागतो.

एमआरआयला जाण्याआधी क्रिएटिनिनची रक्त-तपासणी करून घ्या, कारण किडनी फार कमजोर असेल तर इंजेक्शनचा विचार वेगळा करावा लागतो. ताईत, करदोडा, कडं घरीच काढा. वेल्डिंग करताना डोळ्यात कधी लोखंडाचा कण गेला असेल तर तंत्रज्ञाला आधी सांगा. मेंदू आणि मज्जारज्जू मिळून तासाच्या वर वेळ लागतो. सपाट झोपल्यावर त्याचं डोकं वाढेल, उलटीही येईल, तेही सांगून ठेवा. निघताना फिल्मबरोबर सीडी मागा. सर्जनला फिल्मवरून भागत नाही, दाणा नेमका कुठे टेकलाय ते पुढे-मागे करून बघावं लागतं.

रिपोर्ट हातात आला की त्यात पुढच्या गोष्टी आहेत का ते बघा: दाणे किती, दाणा मेंदूच्या पृष्ठभागाला टेकला आहे का, त्याच्याभोवती जाड रक्तवाहिन्यांच्या काळ्या रेघा दिसतात का, पिशवीची भिंत उजळते का, आणि वरच्या पोकळ्यांत पाणी तुंबलंय का. या गाठीत दाणा उजळतो आणि भिंत सहसा उजळत नाही. भिंतही उजळत असेल तर लहान मुलांत जास्त दिसणारी दुसरी एक सौम्य गाठ, बाहेरून आलेली गाठ किंवा पू, यांचा विचार करावा लागतो. कधी कधी पाण्याची पिशवी नसतेच, नुसता घट्ट गोळा असतो. तिथे निदान जास्त चुकतं. रक्तवाहिन्यांची अँजिओग्राफी प्रत्येकाला लागत नाही. दाणा मोठा असेल आणि कोणती धमनी त्याला रक्त पुरवते हे सर्जनला आधी कळायला हवं असेल, तर करतात.

हिमोग्लोबिन १८.२ बघून कौतुक झालं, यात नवल नाही. सिकलसेल आणि रक्तक्षयाच्या आपल्या भागात हा आकडा कोणालाही चांगलाच वाटणार. पण पुरुषाचं हिमोग्लोबिन साधारण १७ पर्यंत असतं. काही रुग्णांत ही गाठ स्वतःच एरिथ्रोपोएटिन नावाचं संप्रेरक बनवते आणि त्यानं अस्थिमज्जा गरजेपेक्षा जास्त रक्त तयार करते. उलट्यांनी अंगातलं पाणी कमी झालं तरी आकडा फुगतो, म्हणून पाणी भरपूर गेल्यावर एकदा परत तपासा. तरीही वरच राहिला तर तो निदानाच्या बाजूचा पुरावा. गाठ निघाल्यावर तो उतरतो. आणि याच वेळी सिकलची तपासणीही करून घ्या. वाहक माणसाचं हिमोग्लोबिन अगदी चांगलं असू शकतं, पण भूल देणाऱ्या डॉक्टरांना ते आधी माहीत असलं पाहिजे.

आता वडील आणि आत्या. अशा गाठी झालेल्या चारांपैकी साधारण तिघांना त्या एकट्या-दुकट्याच होतात, घराण्यात काही नसतं. चौथ्याला मात्र व्हॉन हिपेल-लिंडाऊ नावाचा आनुवंशिक आजार असतो. व्हॉन हिपेल हे जर्मन नेत्रतज्ज्ञ. त्यांनी १९०४ मध्ये डोळ्याच्या पडद्यावरच्या या गाठी वर्णिल्या. १९२६ मध्ये स्वीडनच्या लिंडाऊ यांनी त्यांचा लहान मेंदूतल्या गाठींशी संबंध दाखवला. दोष तिसऱ्या गुणसूत्रावरच्या एका जनुकात असतो आणि ते जनुक १९९३ मध्ये सापडलं. या आजारात डोळ्याचा पडदा, लहान मेंदू, मज्जारज्जू, किडनी, किडनीवरची अ‍ॅड्रिनल ग्रंथी, स्वादुपिंड आणि आतला कान, या ठरावीक ठिकाणी गाठी होतात. वडिलांची गाठ आणि आत्याच्या डोळ्याचं दुखणं याच आजारामुळे असेल असं पत्रावरून ठामपणे म्हणता येणार नाही. डोळा दहा कारणांनी जातो. पण एकाच घरात या तिन्ही जागा येतात तेव्हा योगायोग धरून चालत नाही.

म्हणून पेटीतले वडिलांचे जुने कागद काढा आणि बायोप्सीच्या रिपोर्टवर ‘क्लिअर सेल’ हे शब्द शोधा. या आजारातला किडनीचा कॅन्सर त्याच प्रकारचा असतो. भावाची गाठ हिमँजिओब्लास्टोमाच ठरली आणि वडिलांना हाच आजार होता हे सिद्ध झालं, तर निदान तिथेच पक्कं होतं. घराण्याचा पुरावा मिळाला नाही, पण एमआरआयत मेंदू किंवा मज्जारज्जूत अशा दोन गाठी दिसल्या, तरी तेवढं पुरतं.

यानंतर भावाच्या ऑपरेशनआधी तीन गोष्टी हव्यात. पहिली, डोळे. औषध टाकून बाहुली मोठी करून पडद्याच्या कडेपर्यंत बघणारा नेत्रतज्ज्ञ हवा. मोतीबिंदूच्या शिबिरातली तपासणी इथे पुरत नाही. दाबानं डोळ्याची नस सुजली आहे का, हेही त्याच बैठकीत कळतं. दुसरी, पोट. सोनोग्राफी लगेच होते आणि स्वस्त आहे, ती कराच. पण किडनीतली बारीक गाठ तिला चुकते, म्हणून जमेल तेव्हा पोटाचा कॉन्ट्रास्ट सीटी किंवा एमआरआय. किडनीत गाठ सापडली तर एक नवा प्रश्न उभा राहतो: डोक्यातला दाणा मूळचा, की किडनीतून गेलेला? सूक्ष्मदर्शकाखाली दोन्हींच्या पेशी फिकट, चरबीनं फुगलेल्या दिसतात आणि भल्याभल्या पॅथॉलॉजिस्टची फसगत होते. म्हणून ऑपरेशननंतर गाठ तपासणीला पाठवताना फॉर्मवर वडिलांचा किडनीचा आजार लिहायला सांगा, म्हणजे ते वेगळे रंग लावून बघतील. हिमँजिओब्लास्टोमा इन्हिबिनचा रंग घेतो, किडनीचा कॅन्सर पॅक्स-८चा.

तिसरी गोष्ट सर्वांत जास्त विसरली जाते आणि तिच्यात जिवाला धोका आहे. अ‍ॅड्रिनल ग्रंथीत फिओक्रोमोसायटोमा नावाची गाठ असेल तर एरवी काही जाणवत नाही, पण भूल देताना किंवा गाठीला हात लागताच रक्तदाब एकदम भडकतो. म्हणून ऑपरेशनआधी रक्तातलं किंवा २४ तासांच्या लघवीतलं मेटानेफ्रिन, म्हणजे या गाठीच्या संप्रेरकांपासून बनणारा पदार्थ, तपासतात. लघवी गोळा करायची तर सकाळची पहिली धार फेकायची. तिथून दुसऱ्या दिवशीच्या पहिल्या लघवीपर्यंतचा थेंब अन् थेंब लॅबनं दिलेल्या कॅनमध्ये जमवायचा आणि तो कॅन थंड जागी ठेवायचा. पॅरासिटामॉलनं काही पद्धतींत आकडा खोटा येतो, आणि तुमचा भाऊ डोक्यासाठी तेच घेत असणार. कोणत्या गोळ्या चालू आहेत, ते लॅबला सांगा. या गाठीची शंका असताना स्टेरॉइडनंही रक्तदाब भडकू शकतो. डेक्सा चालू केलं असेल तर रोज रक्तदाब आणि साखर मोजा, आणि ते मनानं एकदम बंद करू नका. तातडीनं ऑपरेशन करायची वेळ आली आणि हा रिपोर्ट हातात नसला, तर भूलतज्ज्ञाला तोंडी एवढंच सांगा की घराण्यात किडनीची गाठ आहे आणि अ‍ॅड्रिनल तपासलेली नाही. ते तयारीत राहतील.

ऑपरेशन कसं होतं ते थोडक्यात. दाण्याला बाहेरून वेढा घालून येणाऱ्या रक्तवाहिन्या एकेक बंद करतात आणि दाणा अखंड बाहेर काढतात. तुकडे करत काढला तर रक्त आवरत नाही. न उजळणारी भिंत तशीच ठेवतात, ती काढायची गरज नसते. दाणा पूर्ण निघाला तर त्या जागचा प्रश्न बहुधा संपतो. आनुवंशिक आजार असेल तर दुसरीकडे नव्या गाठी येऊ शकतात, म्हणून तपासणी आयुष्यभर. बेल्झुटिफान नावाच्या गोळीला ऑगस्ट २०२१ मध्ये अमेरिकेत या आजारासाठी मान्यता मिळाली, पण ती लगेच ऑपरेशनची गरज नसलेल्यांसाठी. साडेतीन सेंटीमीटरची पिशवी आणि जाणारा तोल असताना तिच्या मागे धावू नका.

नागपूरला शासकीय मेडिकल कॉलेजचं सुपर स्पेशालिटी हॉस्पिटल, मिहानमधलं एम्स, आणि वर्ध्याजवळ सावंगी मेघे इथे न्यूरोसर्जरी आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे. रेशन कार्ड आणि आधार बरोबर ठेवा आणि बाहेर एमआरआय काढण्याआधी हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनिसाला, भेटा. भरती झाल्यावर तोच एमआरआय योजनेत बसत असेल तर आधी खिशातून खर्च कशाला?

मुलीचं आत्ताच ठरवू नका. आधी भावाची जनुक-तपासणी. त्याच्या रक्तात दोष नेमका कुठे आहे ते सापडलं, तरच मुलीची तपासणी अर्थाची. लॅबला सांगा की जनुकाचा मोठा तुकडा गळालाय का, तेही बघायचंय. साध्या वाचनात तो सुटतो. दोष असेल तर प्रत्येक अपत्यात तो उतरण्याची शक्यता निम्मी, मुलगा असो की मुलगी. तुम्हालाही हेच लागू, कारण वडील तुमचेही होते. मुलीत दोष निघाला तर डोळे लगेच आणि दर ६ ते १२ महिन्यांनी, रक्तदाब आणि मेटानेफ्रिन दर वर्षी, ११व्या वर्षापासून मेंदू-मज्जारज्जूचा एमआरआय आणि कानांची तपासणी, १५व्या वर्षापासून पोटाचा एमआरआय, दोन्ही एमआरआय साधारण दोन वर्षांनी. जनुकाचा रिपोर्ट यायला वेळ लागेल, पण डोळे आत्ताच दाखवा. पडद्यावरची गाठ बारीक असताना लेझरनं जाळता येते. मोठी झाली की डोळा वाचवणं कठीण.

रात्रीच्या लाइनवर ओलिताला त्याला अजिबात पाठवू नका. धुऱ्यावर पाय घसरला तर एक वेळ निभावेल, विहिरीच्या काठावर नाही. ट्रॅक्टर, मोटारसायकल आणि फवारणीचा पंप बंद. शिडी चढायची नाही. आणि नागपूरला नेतानाही दुचाकीवर मागे बसवू नका. एसटी किंवा गाडी, पुढची सीट, डोकं थोडं उंच, उलटीसाठी पिशवी. सीटीची फिल्म आणि वडिलांचे कागद तुमच्या हातात.